धावा आटलेल्या कर्णधाराचं काय करायचं?

कर्णधाराच्या बॅटीतून धावा येईनाशा झाल्या की वाद ठरलेला. एक जण म्हणतो, काढा त्याला. दुसरा म्हणतो, अहो, वर्ल्ड कप जिंकून दिलाय त्याने, जरा जाण ठेवा. दोघं तावातावाने बोलतात, पण दोन वेगळ्या प्रश्नांवर. हा माणूस निव्वळ खेळाडू म्हणून अकरा जणांत बसतो का, हा पहिला प्रश्न. बसत असेल, तर नेतृत्व त्याच्याकडेच असावं का, हा दुसरा. बहुतेक गोंधळ या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतो. पहिल्याचं उत्तर देताना दुसऱ्यातले पुरावे दिले जातात आणि उलटही.

आपल्याला तोंडपाठ असलेलं उदाहरण घेऊ, रोहित शर्माचं.

सप्टेंबर ते डिसेंबर 2024 या चार महिन्यांत रोहित आठ कसोटी खेळला. बांगलादेशविरुद्ध दोन, न्यूझीलंडविरुद्ध तीन, ऑस्ट्रेलियात तीन. डाव पंधरा: 6, 5, 23, 8, 2, 52, 0, 8, 18, 11, 3, 6, 10, 3, 9. एकूण 164 धावा, सरासरी 10.93. पंधरापैकी दहा वेळा तो दोन आकडी धावाही करू शकला नाही. याच रोहितने त्याच वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडविरुद्ध मायदेशात 400 धावा केल्या होत्या, राजकोटला 131 आणि धरमशालेला 103. म्हणजे घसरण हळूहळू झालेली नव्हती, ती अचानक झाली. म्हणूनच ‘येईल परत फॉर्मात’ असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं.

किती अपयश म्हणजे खरंच अपयश?

फलंदाजाच्या धावा पगारासारख्या दर महिन्याला सारख्या पडत नाहीत. कसोटीत चाळीसची सरासरी असलेला चांगला फलंदाजसुद्धा दर तीन-चार डावांत एकदा एकेरी धावसंख्येवर तंबूत परततो. एखादी झकास आउटस्विंग, एखादा स्लिपमधला अफाट झेल, एखादी न दिसलेली उसळी. त्यामुळे चार-सहा डावांवरून निकाल लावणं धोक्याचं असतं.

ढोबळ गणित मांडता येतं. रोहितची कसोटी कारकिर्दीतली सरासरी 40.57. अशा फलंदाजाच्या खेळात काहीही बिघडलेलं नसताना, केवळ नशिबाच्या फेऱ्याने, सहा डावांत मिळून 91 धावाच होण्याची शक्यता शेकडा तीनच्या आसपास येते. न्यूझीलंडविरुद्ध त्याच्या 91 धावाच झाल्या होत्या. शेकडा तीन म्हणजे कमी, पण जगभरात इतके फलंदाज इतक्या मालिका खेळतात की दरवर्षी कुणा ना कुणावर ही पाळी येणारच. पण पंधरा डावांत 164? तिथे हीच शक्यता लाखात दोन-तीन इतकी खाली जाते. खेळपट्ट्या कठीण होत्या, गोलंदाज तगडे होते, हे सगळं धरूनही ‘नशीब’ हे उत्तर तिथे संपतं.

आकड्यांच्या जोडीला बाद होण्याची पद्धत बघावी. ऑस्ट्रेलियातल्या पाच डावांपैकी चार वेळा त्याला पॅट कमिन्सने बाद केलं, पाचव्या वेळी स्कॉट बोलंडने पायचीत. एकच गोलंदाज पुन्हा पुन्हा, तेही डावाच्या सुरुवातीला, बाद करत असेल तर प्रतिस्पर्ध्याला किल्ली सापडलेली असते. फलंदाज वेगवेगळ्या तऱ्हेने, तीस-चाळीस धावा करून बाद होत असेल तर थांबावं. नवीन चेंडूवर एकाच तऱ्हेने जात असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

एका जागेची किंमत तीन जागांनी मोजायची

कर्णधाराच्या अपयशाचा हिशेब करताना लोक फक्त त्याच्या धावा मोजतात. खरं नुकसान फलंदाजीच्या क्रमात होतं.

पर्थची पहिली कसोटी रोहित कौटुंबिक कारणाने खेळला नाही. त्याच्या घरी दुसरं मूल जन्माला आलं होतं. सलामीला यशस्वी जैस्वालबरोबर के. एल. राहुल गेला आणि दुसऱ्या डावात दोघांनी 201 धावांची सलामी दिली. जसप्रीत बुमराहच्या नेतृत्वाखाली भारत 295 धावांनी जिंकला. आता जमलेली जोडी मोडायची कशी? अॅडलेडला रोहित सहाव्या क्रमांकावर उतरला: 3 आणि 6. ब्रिस्बेनला पुन्हा सहावा: 10. त्याच सामन्यात सलामीला राहुलने 84 केल्या. मग मेलबर्नला रोहित परत सलामीला आला, राहुल तिसऱ्या क्रमांकावर सरकला आणि तिथला शुभमन गिल संघाबाहेर गेला. रोहितच्या धावा 3 आणि 9, राहुलच्या 24 आणि 0. भारत 184 धावांनी हरला.

कर्णधार नसलेल्या फलंदाजासाठी असं कुणी करेल का? नाही. फॉर्म नसलेला साधा खेळाडू गुपचूप बाहेर बसतो. कर्णधार मात्र खेळणार हे गृहीत असतं आणि बाकीचे त्याच्याभोवती हलवले जातात. जमलेला सलामीवीर हलला, तिसऱ्या क्रमांकाचा माणूस गेला आणि शेवटी धावाही झाल्या नाहीत.

बदली येणारा काही चाळीसच्या सरासरीचा नसतो, हे खरं. तीसचा धरा. तरी डावाला सुमारे वीस, म्हणजे सामन्याला चाळीस धावांचा फरक राहतो. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध भारत 25 धावांनी हरला होता.

मग नेतृत्वाने हे भरून निघतं का?

कर्णधार मैदानात नेमकं काय करतो ते आधी पाहू. नाणेफेक जिंकल्यावर फलंदाजी की गोलंदाजी हा निर्णय. कुणाला किती षटकांचा स्पेल. क्षेत्ररचना. रिव्ह्यू घ्यायचा की नाही, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची की नाही, हे पंधरा सेकंदांत ठरवायचं, आणि कसोटीत एका डावात तीनच चुकण्याची मुभा. ऐंशी षटकांनंतर नवा चेंडू लगेच घ्यायचा की जुन्यावर फिरकी चालू ठेवायची. डाव कधी घोषित करायचा. दोनशेची आघाडी असेल तर फॉलोऑन द्यायचा, म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला लावायचं, की स्वतः पुन्हा खेळायचं. षटकांची गती राखायची, नाहीतर जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत गुण कापले जातात. आणि दिसत नाही ते काम: ड्रेसिंग रूममध्ये नाराज खेळाडूशी बोलणं.

रोहितच्या त्या चार महिन्यांत यातल्या चांगल्या-वाईट दोन्ही बाजू ठळक दिसतात. कानपूरला बांगलादेशविरुद्ध पहिल्या दिवशी जेमतेम 35 षटकं झाली, दुसरा आणि तिसरा दिवस पाऊस आणि ओल्या मैदानामुळे वाया गेला. सामना अनिर्णित सुटणार असं सगळे धरून चालले होते. भारताने 34.4 षटकांत 9 बाद 285 करून 52 धावांच्या आघाडीवर डाव सोडला, बांगलादेशला 146 वर गुंडाळलं आणि पाचव्या दिवशी सात गडी राखून सामना घेतला. रोहितने स्वतः त्या कसोटीत 23 आणि 8 केल्या. पण आपल्या वाट्याला आलेले पहिले दोन चेंडू त्याने षटकारासाठी भिरकावले आणि वेग काय ठेवायचा ते सगळ्या संघाला कळलं. हे नेतृत्व आहे, आणि ते धावफलकात त्याच्या नावापुढे दिसत नाही.

पंधरवड्यानंतर बंगळुरू. पहिला दिवस पावसात गेलेला, आभाळ भरलेलं, खेळपट्टी झाकणाखाली ओलसर राहिलेली. रोहितने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि भारत 46 धावांत आटोपला. मायदेशातली ही भारताची नीचांकी धावसंख्या. खेळपट्टी ओळखण्यात चूक झाली, हे त्याने त्याच दिवशी पत्रकारांसमोर कबूल केलं. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची वेळ तिसऱ्या दिवशी आली. न्यूझीलंड 7 बाद 233, आघाडी 187. तिथून शेपूट, म्हणजे तळाचे फलंदाज, लवकर कापलं असतं तर सामना उघडा होता, कारण भारताने दुसऱ्या डावात 462 केल्या. प्रत्यक्षात रचिन रवींद्र आणि टिम साउदी यांनी आठव्या गड्यासाठी 137 धावा जोडल्या आणि आघाडी 356 वर गेली. अशा वेळी कर्णधाराकडे दोन वाटा असतात. एक, सीमारेषेवर माणसं पसरून एकेरी धाव देणं आणि चूक होण्याची वाट बघणं. दुसरी, धावा गेल्या तरी चालतील पण झेलाच्या जागा भरलेल्या ठेवणं. स्वतः धावा करत नसलेला कर्णधार बहुधा पहिली वाट धरतो. हा स्वभावदोष नव्हे. आपल्या चुकीची भरपाई आपल्याच बॅटीने करता येईल हा भरवसा गेला की माणूस धोका घ्यायला कचरतो, इतकंच.

म्हणजे नेतृत्वाचं मोल आहे, पण ते दोन्ही दिशांना जातं. सामन्याला चाळीस धावांची तूट भरून काढायची तर कर्णधाराला दर सामन्यात एक कानपूर करून दाखवावं लागेल. ते कुणालाच जमत नाही.

ब्रेअर्लीचा दाखला, आणि तो कुठे लागू पडत नाही

या चर्चेत कुणीतरी माइक ब्रेअर्लीचं नाव काढतोच. इंग्लंडचा हा फलंदाज 39 कसोटी खेळला, सरासरी 22.88, शतक एकही नाही. पण 31 कसोटींत कर्णधार, त्यांपैकी 18 जिंकल्या आणि फक्त चार हरला. 1981 च्या अॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत, इयन बोथम कर्णधार म्हणून एकूण बारा कसोटींत एकही विजय न मिळवता, लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद होऊन पायउतार झाला आणि ब्रेअर्लीला परत बोलावलं गेलं. हेडिंग्लेच्या पुढच्याच कसोटीत बोथमने नाबाद 149 केल्या, इंग्लंड फॉलोऑननंतर 18 धावांनी जिंकलं आणि मालिका 3-1 ने घेतली.

गोष्ट झकास आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. ब्रेअर्लीला ‘फॉर्म येईल’ म्हणून ठेवलं नव्हतं. तो कमी धावांचा फलंदाज आहे हे माहीत असूनच, नेतृत्वासाठी म्हणून घेतलं होतं. बोथम अष्टपैलू असल्याने संघात एका जास्तीच्या माणसाला जागा परवडत होती. आणि मुख्य म्हणजे तो दाखला फॉर्म गेलेल्या कर्णधाराला ठेवण्याचा नाहीच. फॉर्म गेलेल्या कर्णधारावरचं ओझं काढलं की तो किती मोकळा खेळतो, याचा तो दाखला आहे. त्या गोष्टीत रोहित शोधायचाच असेल तर तो ब्रेअर्ली नाही, बोथम.

उलट बाजूने बोलणाऱ्यांकडे मार्क टेलर आहे. 1996-97 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या या कर्णधाराला वीसेक कसोटी डावांत एकही अर्धशतक जमलं नाही. निवड समितीने त्याला ठेवलं. जून 1997 मध्ये एजबॅस्टनला त्याने 129 केल्या, तो सामना हरूनही मालिका जिंकली, आणि पुढच्या वर्षी पेशावरला नाबाद 334. इथेही बारकावा आहे. त्या संघात स्टीव्ह वॉ, मार्क वॉ, हीली, वॉर्न, मॅकग्रा होते. कर्णधाराच्या धावांवाचून संघ जिंकत होता, म्हणून थांबणं परवडलं. सलग हरणाऱ्या संघाला ती चैन नसते.

तिसरं उदाहरण फार कुणी घेत नाही, पण मला तेच जास्त बोलकं वाटतं. जो रूटने 2021 या एका वर्षात कसोटीत 1708 धावा काढल्या. बॅट तळपत होती, आणि संघ हरत होता. त्याच्या कर्णधारपदाच्या अखेरच्या 17 कसोटींत इंग्लंडला एकच विजय मिळाला. एप्रिल 2022 मध्ये त्याने पद सोडलं. बेन स्टोक्स आणि प्रशिक्षक ब्रेंडन मॅक्युलम यांनी बऱ्याचशा त्याच खेळाडूंना घेऊन पुढच्या अकरापैकी दहा कसोटी जिंकल्या, आणि रूट साधा फलंदाज म्हणून धावा करतच राहिला. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असलं तरी पहिल्याचं ठणठणीत ‘हो’ असू शकतं. आपल्याकडे सचिन तेंडुलकरचंही तसंच: कर्णधार म्हणून 25 कसोटी, विजय चार. फलंदाज म्हणून त्याच्या जागेबद्दल कुणी ब्र काढला नाही.

ठरवायचं कुणी?

भारतात संघ निवडते ती बीसीसीआयची पाच जणांची निवड समिती. कर्णधार तीच नेमते. पण ती निवडते पंधरा ते अठरा जणांचा चमू. सामन्याच्या सकाळी त्यातले अकरा कोण, हे दौऱ्यावर मुख्यतः कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. खरी अडचण इथेच आहे. फॉर्म गेलेला कर्णधार स्वतःच स्वतःला निवडत असतो. ऑस्ट्रेलियात हे काम निवड समितीकडे असतं. तिच्यात प्रशिक्षक बसतो, कर्णधार बसत नाही.

सिडनीच्या अखेरच्या कसोटीत रोहितने प्रशिक्षक गौतम गंभीर आणि निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांच्याशी बोलून स्वतः बाहेर बसणं पसंत केलं. मोठेपणा होता, यात शंका नाही. पण असा निर्णय खेळाडूच्या मोठेपणावर सोपवावा लागला, हे व्यवस्थेचं अपयश. माझ्या मते तो निर्णय मेलबर्नआधी व्हायला हवा होता, आणि तो निवड समितीने घ्यायला हवा होता. उपाय फार अवघड नाही: बाकी दहा जणांबद्दल कर्णधाराचं मत चालू दे, त्याच्या स्वतःच्या जागेबद्दल मात्र अखेरचा शब्द दौऱ्यावरच्या निवड समिती सदस्याचा असावा.

निवड समितीने ठरवलं म्हणजे अमलात येतंच असंही नाही. 2011-12 मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया दौऱ्यांत मिळून भारत आठ कसोटी हरला. तेव्हा महेंद्रसिंग धोनीला बदलायचा समितीचा विचार मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी अडवला, असं त्या वेळचे निवडकर्ते मोहिंदर अमरनाथ यांनी नंतर उघडपणे सांगितलं. पुढे 2012 मध्ये भारत इंग्लंडकडून मायदेशात 2-1 हरला आणि 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाला 4-0 धुतलं. दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळाला आणि वाद जिथल्या तिथे राहिला.

घाईचे तोटेही आहेत. 1958-59 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पाच कसोटींत भारताने चार कर्णधार वापरले: पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड, हेमू अधिकारी. मालिका 3-0 ने गेली. 1988 मध्ये इंग्लंडनेही वेस्ट इंडिजविरुद्ध एकाच उन्हाळ्यात चार कर्णधार नेमले आणि 4-0 मार खाल्ला. मालिका चालू असताना बदलायचं तर नवा माणूस आधीपासून उपकर्णधार म्हणून तयार हवा. नाहीतर मालिका संपू द्यावी. आणि संपल्यावर मात्र अजित वाडेकरांसारखं करू नये. 1971 ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून देणारा कर्णधार, 1974 ला इंग्लंडमध्ये 3-0 हरला, लॉर्ड्सवर संघ 42 त गारद झाला. परतल्यावर पश्चिम विभागाच्या संघातही त्यांना स्थान मिळालं नाही आणि ते निवृत्त झाले. कर्णधारपद काढणं वेगळं, माणूस टाकून देणं वेगळं.

एका प्रकारातलं अपयश दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका

कसोटीत चाचपडणारा रोहित एकदिवसीय सामन्यांत वेगळाच फलंदाज होता. पांढरा चेंडू पहिली काही षटकं सोडली तर हवेत फारसा वळत नाही, सुरुवातीला सीमारेषेवर माणसं कमी असतात, आणि तिथे त्याची फटकेबाजी हेच संघाचं भांडवल. मार्च 2025 ला दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध त्याने 76 केल्या, भारत चार गडी राखून जिंकला, सामनावीर तोच. सिडनीनंतर त्याला एकदिवसीय संघातूनही काढा म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर हे झालं नसतं.

टी-20 मध्ये तर हिशेब अजून निराळा. सूर्यकुमार यादवला 2025 या संपूर्ण वर्षात आंतरराष्ट्रीय टी-20 त एकही अर्धशतक जमलं नाही. त्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशिया करंडक जिंकला. वीस षटकांत एका फलंदाजाच्या वाट्याला पंधरा-वीस चेंडू येतात, त्यामुळे त्याचं अपयश झाकलं जातं, आणि कर्णधाराचे निर्णय मात्र दर षटकाला लागतात. तिथे धीर धरायला जास्त जागा आहे.

रोहितने 7 मे 2025 ला कसोटीतून निवृत्ती घेतली. कर्णधार म्हणून 24 कसोटी, 12 विजय, 9 पराभव, 3 अनिर्णित. शुभमन गिल आला, इंग्लंडमध्ये त्याने 754 धावा ठोकल्या, मालिका 2-2 सुटली. फलंदाजीतलं भगदाड बुजलं, यात वाद नाही. पण नोव्हेंबर 2025 मध्ये दक्षिण आफ्रिका आली. ईडन गार्डन्सवर भारतापुढे 124 चं लक्ष्य होतं, मानेच्या दुखण्यामुळे गिलला दुसऱ्या डावात फलंदाजीला येता आलं नाही, आणि संघ 93 त संपला. वानखेडेवर रोहितच्या संघासमोर 147 होत्या, तेव्हा 121 झाल्या होत्या. पुढे ऋषभ पंतच्या नेतृत्वाखाली गुवाहाटीत 408 धावांनी हार, मालिका 2-0. कर्णधार बदलला, सलामीची जोडी बदलली, पण चौथ्या डावात वळणाऱ्या खेळपट्टीवर छोटं लक्ष्य गाठताना होणारी दैना तशीच राहिली. ती खेळपट्टी कशी हवी म्हणून कोण सांगतं आणि तिच्यावर खेळायचा सराव कोण करून घेतं, ही चौकशी नाणेफेकीला जाणाऱ्या माणसापाशी सुरू होत नाही.